दगड पाणी पितो

सोमवार, ता. ९ फेब्रुवारी. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. छिन्न्यांना धार लावून झाली, चहा ठेवला आहे, बाबा अजून उठलेले नाहीत, तेवढ्यात लिहायला बसलो.

ताईस,
सप्रेम सलाम.

तुझं कार्ड शनिवारी मिळालं. 'दादा सापडला. जिवंत आहे. माझ्या घरी आहे. सविस्तर लिहिते.' एवढंच. ताई, असली गोष्ट कोणी उघड्या कार्डावर लिहितं का? पोस्टमननं कार्ड माझ्या हातात देताना 'अभिनंदन' म्हटलं. बाबा दुकानात मागच्या बाजूला होते म्हणून बरं. कार्ड मी खिशात घातलं आणि दिवसभर खिशावर हात ठेवून काम केलं.

आता मला तुला एक सांगायलाच हवं. आई गेली तेव्हा तू बाळंतीण होतीस, येऊ शकली नाहीस. नंतर तुला इस्पितळाच्या नोकरीतून रजा मिळाली नाही. त्यामुळे आईचा दगड तू पाहिलेलाच नाहीस. तो बाबांनी स्वतः केला, हे तुला ठाऊक आहे. त्यावर आईच्या नावाखाली आणखी एक नाव आहे, हे ठाऊक नाही.

दादा कसा गेला ते तुला कळवलं होतं. आईला माती देऊन तिसऱ्या दिवशी चर्चच्या मंडळीनं नव्या पायऱ्यांसाठी दिलेली आगाऊ रक्कम, अठरा हजार, डब्यातून गेली आणि दादाही गेला. बाबांनी पॉलिशचं यंत्र विकलं आणि मंडळीचे पैसे परत केले. तेव्हापासून आम्ही हातानंच घासतो. त्यांनी दुकानाच्या भिंतीवर खडूनं दादाचं नाव आणि पुढे 'येणे १८,०००' असं लिहिलं. खडू पुसट झाला की पुन्हा गिरवतात. आरडाओरडा काही केला नाही. आईचा दगड करायला घेतला, तिचं नाव कोरलं, आणि मग खाली दादाचं पूर्ण नाव कोरलं. जन्मतारीख, आणि मृत्यूची तारीख म्हणून तो घरातून गेला तो दिवस.

मी विचारलं, "बाबा, हे काय?" ते म्हणाले, "अक्षरांत काही चूक आहे का?" चूक नव्हती.

लोक त्या दगडाला वळसा घालून जातात. आता तूच सांग, दादा इकडे आला आणि आईला भेटायला दफनभूमीत गेला तर काय होईल? त्याला काही दिवस तिकडेच ठेव. काहीही कारण सांग.

तुझा,
धाकटा

रविवार, ता. १५ फेब्रुवारी

चि. फूटपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी ओट्याला टेकून खालीच बसले. तुझे भाऊजी म्हणाले, "कोण गेलं?" मी म्हटलं, "कोणी नाही. एकाला तीन वर्षांपूर्वी पुरलं होतं, तो आत्ता अंगणात कपडे वाळत घालतोय."

आता सविस्तर लिहिते. तू सगळं मोजून घेणारी फूटपट्टी, शंका काढशील म्हणून ओळीनंच सांगते.

डिसेंबरात आमच्या पुरुषांच्या वॉर्डात एक माणूस आणला. गोदामातल्या पोत्यांच्या थप्पीवरून दारूच्या धुंदीत पडला होता. अंग सुजलेलं, डोळे पिवळे, दाढी कशीतरीच वाढलेली. दोन दिवस मी त्याच्या चादरी बदलल्या आणि ओळखलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याचा हात पुसताना डावा अंगठा दिसला. नखाच्या मधोमध चीर. हातोडी बसून फुटलेलं नख. ती चीर बाबांना आहे, तुला आहे, आणि आणखी एकालाच असू शकते. माझ्या हातातून भांडं पडलं. मोठ्या सिस्टर ओरडल्या, त्याही मला ऐकू आल्या नाहीत.

डॉक्टरांनी आशा सोडली होती. मी रोज त्याच्याशी बोलायचे, आणि तो भिंतीकडे तोंड करायचा. फक्त एकदा म्हणाला, "कशाला येतेस? इथं कोणी नाही." मला वाटलं तापात बरळतो आहे.

मग छत गळायला लागलं, म्हणून दादाचा बारा नंबरचा आणि नऊ नंबरचा पलंग अदलाबदल केले. नऊ नंबरवर एक म्हातारे सुतार होते, मोठे भाविक, शेवटच्या घटका मोजत होते. त्यांच्यासाठी चर्चचे पाळक आले. हे पाळक बुटके आहेत आणि त्यांची नजर अगदी अधू. ते सरळ नऊ नंबरच्या जागी गेले, दादाच्या कपाळावर हात ठेवला, आणि सुताराच्या नावानं त्याला सांगायला लागले, की भिऊ नकोस, तुझं सगळं देणं ख्रिस्तानं वधस्तंभावर फेडलं आहे, तू त्याचा आहेस, मरण तुला धरून ठेवू शकत नाही. दादा ऐकत राहिला. मग म्हणाला, "पाळकसाहेब, तुमची चूक होतेय. मी तो नव्हे. मी चांगला माणूस नव्हे."

मी तिथेच उभी होते. मी चूक दुरुस्त करायला पुढे होणार, तेवढ्यात पाळकांनी चष्मा वर केला, अगदी नाकाला नाक लागेल इतकं वाकून त्याला पाहिलं, आणि म्हणाले, "खरंच की. तू तो नव्हेस. पण निरोप तोच आहे."

एवढं बोलून ते बारा नंबरकडे गेले. जाताना स्टुलाला अडखळले.

त्या दिवशी दादानं भिंतीकडे तोंड केलं नाही. छताकडे पाहत होता, आणि डोळ्यांतून पाणी कानात उतरत होतं. मी पुसायला गेले तर म्हणाला, "राहू दे." पुढे पंधरा दिवसांत तो उठून बसला. डॉक्टर म्हणतात औषध लागू पडलं. पडलं असेल. पण मी उठलेले पुष्कळ रोगी पाहिलेत रे. बरा झालेला माणूस आणि हा, यांत फरक आहे. मी विचारलं, "नक्की काय झालं तुला?" त्यानं चादरीची कड सरळ केली. मग म्हणाला, "अंधारात कोणी दिवा लावला, असं नाही झालं. मला डोळे आहेत हेच तेव्हा कळलं. अगं, मी मेलो होतो."

आणि तू लिहितोस की बाबांनी ते आधीच दगडावर कोरून ठेवलंय. मला आधी हसू आलं आणि मग रडू.

त्याला किती दिवस थांबवू? तो घोडा आहे का बांधून ठेवायला?

ताई

शुक्रवार, ता. २० फेब्रुवारी. दुपारच्या जेवणानंतर, दुकानात.

ताईस,
सप्रेम सलाम.

पत्र दोनदा वाचलं. मला आनंद झाला, हे आधी लिहितो, कारण पुढचं वाचून तुला तसं वाटणार नाही.

आजारपणातून उठलेला माणूस चार दिवस साधूच असतो. आपले शेजारी घरमालक पडून बरे झाले तेव्हा त्यांनी भाडं कमी करायचं वचन दिलं होतं, आठवतं? पुढच्या महिन्यात वाढवलं. म्हणून विचारतो. दादानं शेवटची दारू केव्हा घेतली? तो उपासनेला नियमित जातो का? अठरा हजारांचं काही बोलला का? कामधंदा बघतो आहे का? मी शाळेत सातवीपर्यंतच गेलो, पण मंडळीच्या शाळेत वचनं पाठ म्हणण्यात एकदाही अडखळलो नाही. तारण काय असतं हे मला माहीत आहे, ताई. ते असं पलंगांच्या अदलाबदलीत मिळत असेल तर मग आम्ही एवढी वर्षं काय केलं?

बाबांना सांगितलं. फार तयारी करून सांगितलं. ते दाराच्या उंबरठ्याचा दगड तासत होते. मी म्हणालो, "बाबा, दादा ताईकडे आहे. सुधारला आहे." त्यांचा हातोडा थांबला नाही. मी म्हणालो, "त्याचं नाव दगडावरून काढायला हवं." तेव्हा थांबला.

"कसं काढतात ते सांग."

मी सांगितलं. कोरलेलं अक्षर खोडता येत नाही. जेवढं खोल ते गेलं आहे, तेवढी दगडाची सगळी दर्शनी बाजू खाली उतरवावी लागते. एका नावापुरता खड्डा करून भागत नाही.

"म्हणजे तुझ्या आईचं नावही जाईल."

"हो."

"त्याच्या दारूच्या घोरापायी तुझी आई मी एकदा घालवली," ते म्हणाले, "दुसऱ्यांदा घालवणार नाही." आणि पुन्हा हातोडा सुरू केला. भिंतीवरचा खडू त्या संध्याकाळी त्यांनी ताजा गिरवला.

म्हणून पुन्हा विनंती, त्याला पाठवू नकोस.

तुझा,
धाकटा

रविवार, ता. १ मार्च

चि. फूटपट्टीस,

तुझ्या प्रश्नांची यादी मी दादाला वाचून दाखवली. रागावू नकोस. तो म्हणाला, "बरोबर विचारलंय त्यानं. मीही हेच विचारलं असतं." उत्तरं अशी. दारू, पडला त्या दिवशी. उपासना, होय. अठरा हजारांबद्दल म्हणाला, "ते आयुष्यभर फेडलं तरी फिटणार नाही, पण फेडायला घ्यायला आता लाज वाटत नाही." काम, इस्पितळाच्या मागे फरशा बसवतो आहे. पहिल्या मजुरीतून त्यानं माझ्या लेकीला चपला आणल्या. दोन्ही डाव्या पायाच्या निघाल्या. तो स्वतःच एवढा हसला की पोरगी रडायची थांबली.

आज त्याचा बाप्तिस्मा झाला. आमच्या मंडळीत टाकीत पूर्ण बुडवतात. तेच पाळक होते. बुडवताना मला एकदम धसका बसला. तो पाण्याखाली गेला तेव्हा क्षणभर पाणी नुसतं सपाट झालं, वर काही नाही. मला वाटलं, गेला. मग पाणी फुटलं आणि तो वर आला, तोंड उघडं, पहिला श्वास घेणाऱ्या तान्ह्यासारखा. मी बाळंतपणाच्या खोलीत तो आवाज पुष्कळदा ऐकलाय. कपाळावरून पाणी गळणारा हा पस्तिशीचा बाप्या, आणि आवाज तोच. माझ्या अंगावर काटा आला तो अजून जात नाही.

शुक्रवारी तो बसनं निघतोय. शनिवारी सकाळी पोचेल. मी अडवलं नाही. तो म्हणतो, आधी आईला भेटेन, मग बाबांच्या दारात उभा राहीन, घेतलं तर घेतलं.

दगडाचं मी त्याला सांगितलेलं नाही. जीभ रेटेना. ते तू सांग. सांगशील ना?

ताई

गुरुवार, ता. ५ मार्च. सकाळचे साडेनऊ. दफनभूमीतून परतलो, हात धुतले, लगेच लिहायला घेतलं.

ताईस,

काळजी करू नकोस. व्यवस्था केली.

बाबा आज सकाळी खाणीवर दगड पसंत करायला गेले. ते गेल्यावर मी लाख वितळवली, त्याच दगडाच्या तुकड्याची बारीक भुकटी करून तिच्यात मिसळली, आणि दादाच्या नावातलं एकेक अक्षर भरून काढलं. मग वर घासलं. दगडाच्या कपारी भरायला आम्ही हेच वापरतो. रंग इतका तंतोतंत जुळला की मलाच दोन पावलं मागे होऊन शोधावं लागलं. हात फिरवला तर सपाट. आईचं नाव जसंच्या तसं आहे.

यात एकच गोम आहे, ती दगडकामातल्या माणसालाच ठाऊक असते. दगड पाणी पितो, लाख पीत नाही. दगड भिजला की तो काळा पडतो आणि भराव तसाच फिका राहतो. पण सध्या पावसाचं चिन्ह नाही. आभाळ स्वच्छ आहे. दादा येईल, पाहील, परत जाईल. बाबांना मी नंतर सांगेन, किंवा लाख खरवडून काढेन. अजून ठरवलेलं नाही.

सांगण्यापेक्षा हे बरं नाही का? कोणाला दुखवायला नको.

तुझा,
धाकटा

गुरुवार, ता. १९ मार्च

फूटपट्टी,

तो शनिवारी पोचला असणार. त्याला आता दोन आठवडे होत आले. लाखेचं तुझं पत्र मिळालं, त्यानंतर तुझं नाही, त्याचं नाही. इथं भाऊजी म्हणतात, वाईट बातमी पंख लावून येते, आली नाही म्हणजे बरंच असेल. मला ते पटत नाही. दोघांपैकी कोणीतरी लिहा. चार ओळी लिहा. उघड्या कार्डावर लिहा.

ताई

शनिवार, ता. २८ मार्च. सकाळचे सात वाजून पाच मिनिटं. दादा मागे अंगणात बाबांची दाढी करतो आहे.

ताईस,
सप्रेम सलाम.

उशीर झाला, क्षमा कर. रोज लिहायला बसत होतो आणि रोज हात थांबत होता. आज जमेल असं वाटतं.

शनिवारी मी बसथांब्यावर गेलो. दादा उतरला. मी त्याला ओळखलं आणि ओळखलंही नाही. चेहरा तोच. पण पूर्वी त्याच्याकडे पाहिलं की आपणच नजर वळवायचो, आठवतं? आता वळवावी लागली नाही. त्यानं मला मिठी मारली आणि म्हणाला, "तू उंच झालास की मी खचलो?" मी म्हणालो, "तू थकला असशील, आधी चहा घे." तो म्हणाला, "आधी आई."

वाटेत मी सगळं सांगायचं ठरवलं होतं. फाटक आलं तरी सांगितलं नव्हतं.

तो आईच्या दगडापुढे उभा राहिला. दगड कोरडा होता, ऊन स्वच्छ होतं, माझं काम बिनचूक होतं. त्यानं आईचं नाव वाचलं. खाली मोकळी जागा पाहिली आणि म्हणाला, "बाबांनी स्वतःसाठी जागा ठेवलीय वाटतं." मी हो म्हणालो. ताई, माझ्या जिभेवर ते इतकं सहज आलं.

मग तो फाटकाजवळच्या नळाकडे गेला आणि बादली भरून घेऊन आला.

मला तेव्हा कळलं. हेच मला त्यानं शिकवलेलं पहिलं काम. मी दहा वर्षांचा होतो. जुना दगड हातात घेतलास की आधी त्याला पाणी पाज, मग वाच, म्हणायचा. कोरड्या दगडावर विश्वास ठेवू नकोस. मी पावसाचा विचार केला, आभाळाचा केला, आणि बादलीचा केलाच नाही. मी "थांब" म्हणालो. तोवर त्यानं ओतलं होतं.

पाणी वरून खाली उतरलं. दगड काळा होत गेला, आईचं नाव अधिक खोल झालं, आणि तिच्या खालच्या सपाट जागेतून फिकी अक्षरं वर आली. एकदम नाही, दगड पाणी पीत जाईल तशी, एकेक. त्याचं पूर्ण नाव. जन्म. मृत्यू. मी असं काही पाहिलं नव्हतं. माझ्याच हातचं काम होतं आणि मी ते वाचत उभा होतो.

दादानं नाव मोठ्यानं वाचलं. तारीख वाचली. तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला. बाबा उभे होते. दादा येणार हे मी त्यांना सांगितलं नव्हतं, तुझं पत्र त्यांच्या हाती लागलं असावं, पण ते धुवट सदरा घालून आले होते.

दादा वळला आणि म्हणाला, "बाबा, तारीख चुकली."

बाबा म्हणाले, "तारीख मी कधी चुकवत नाही."

"चुकली. मी त्याच्या कितीतरी आधी मेलो होतो. तुमच्या ताटाशेजारी बसून जेवत होतो तेव्हाही मेलेलोच होतो. तुम्हाला उशिरा कळलं." त्याचा आवाज शांत होता. "नाव राहू दे. तो माणूस खरंच मेला. मी रडायला नाही आलो त्याच्यासाठी."

बाबा पुढे आले. वाकून त्यांनी अक्षरांवर नख फिरवलं.

"हे कोणी भरलं?"

"मी," मी म्हणालो.

"लाख जास्त झालीय." मग बराच वेळ त्यांनी बोट तिथेच ठेवलं. "असं भरून जात नाही रे ते." हे ते मला म्हणाले की स्वतःला, मला सांगता येणार नाही. "छिन्नी आण. रुंद पात्याची."

दादा म्हणाला, "बाबा, आईचंही जाईल."

"तिला मी परत कोरीन. ती रागावणार नाही. रागावली असेल तर तीन वर्षांपूर्वीच, हे खाली लिहिलं तेव्हा." मग त्यांनी दादाकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "मेलेल्याचं नाव ठेवतात. माझ्यासमोर जो उभा आहे त्याचं थडग्यावर ठेवायची माझ्या दुकानात पद्धत नाही."

मग दादा खाली बसला आणि त्यानं बाबांच्या पायांना मिठी मारली. बाबांनी काठी माझ्याकडे दिली, कारण त्यांना दोन्ही हात लागत होते.

त्यानंतर काम सुरू झालं. बाबांचे हात थरथरतात, हे तुला ठाऊक आहे, वर्षभर त्यांनी बारीक काम केलेलं नाही. पण कोणालाही हात लावू दिला नाही. रोज सकाळी गोणपाटावर गुडघे टेकायचे आणि बोटभर बोटभर दगड खाली घ्यायचे. दादा पाणी ओतायचा, मी चुरा झाडायचो. दादाचं नाव उथळ होत गेलं, आईचंही. एक दिवस दोन्ही नावं नुसती सावली राहिली. दुसऱ्या दिवशी तीही नव्हती. मंडळीतले लोक, जे वळसा घालून जायचे, ते येऊन उभे राहायला लागले. कोणी विचारलं, "काय चाललंय?" बाबा मान वर न करता म्हणाले, "माझा मुलगा जिवंत झाला, त्याची नोंद करतोय." दगडावर तर काहीच राहिलं नव्हतं.

आता माझं सांगतो. यासाठीच हात थांबत होता.

दादाचं ते वाक्य माझ्यातून जाईना. ताटाशेजारी बसून जेवत होतो तेव्हाही. ताई, मी तर घर सोडलंच नाही. मी ताटाशेजारीच आहे. वचनं पाठ, उपासना एकही चुकली नाही, मोजमाप बिनचूक, आणि फाटकात उभा राहून मी भावाशी सहज खोटं बोललो. शिवाय बाबांनी त्याला जवळ घेतलं तेव्हा त्यांची काठी हातात धरून मी मनात हिशेब करत होतो, की यंत्र गेल्यावर हातानं घासलं कोणी. मी वरून सपाट होतो, इतकंच. पाणी पडायचा अवकाश होता.

काम संपत आलं त्या सकाळी बाबा नळावर हात धुवायला गेले, तेव्हा मी दादाला विचारलं, "मी काय करायला हवं?"

तो हसला. "मीही पाळकांना हेच विचारलं होतं. ते म्हणाले, मेलेला माणूस काय करणार? ज्यानं कबर आतून पाहिलीय आणि जो बाहेर आलाय, तो ख्रिस्तच येऊन हाक मारतो. मेलेल्यानं फक्त ती ऐकायची. आणि ऐकायलाही तोच देतो."

"मग मी नुसता बसू?"

"जमेल का तुला?"

मी बसलो. हातात पट्टी नव्हती, छिन्नी नव्हती. समोर दगड ओला होता, कोरा, त्यावर ऊन पडलेलं. मी म्हणालो, प्रभू, माझ्याजवळ दाखवण्यासारखं काही नाही. हे वाक्य मी मंडळीत शेकडो वेळा म्हटलं आहे. तेव्हा ते पाठ होतं. किती वेळ बसलो ते मोजलं नाही. एवढंच सांगतो, की कोणीतरी आलं. फाटकातून नाही. मी भीतीनं मान वर केली नाही आणि मग भीतीच राहिली नाही. आपण श्वास घेतो हे मला त्या दिवशी कळलं. तू टाकीजवळ ऐकलास तो आवाज मी केला का, दादाला विचारलं पाहिजे.

बाबा परतले तेव्हा त्यांनी आम्हा दोघांकडे पाहिलं. आईचं नाव बाबांनी आखलं, दादानं कोरायला घेतलं, आणि अर्ध्यावर हातोडी माझ्या हातात दिली. अक्षरांत चूक नाही. पाणी ओतून पाहिलं. दगड काळा झाला, आणि आईच्या नावाखाली काहीही वर आलं नाही.

दुकानात आल्यावर मी भिंतीकडे पाहिलं. खडू तसाच होता. मी बाबांना विचारलं, येणं आता कोणाच्या नावावर ठेवायचं, दादा हप्त्यानं देतो म्हणतोय. बाबांनी ओलं फडकं घेतलं. "ज्याच्याकडून येणं होतं तो मेला. मेलेल्याकडून वसुली नसते," म्हणाले, आणि भिंत पुसली. दादा म्हणाला, "मग मी देऊ तरी कोणाला?" बाबा म्हणाले, "दुकानाला यंत्र हवंय. मुलगा म्हणून आणायचं तर आण."

सुट्टी काढून ये. पोरीलाही आण. दादानं उजव्या पायाच्या चपला घेऊन ठेवल्या आहेत, त्याही दोन.

तुझा,
धाकटा

ता.क. तुला सवय आहे म्हणून हिशेब देतो.

लाख, वाया गेली: ६०
घासायचे दगड, चार: ३२०
रुंद छिन्नीला नवं पातं: १५०
गोणपाट: ४०
आलेल्या-गेलेल्यांचा चहा: २१५
एकूण खर्च: ७८५

देणे, तुला, दादाच्या बसभाड्याचे: २४०. मनिऑर्डर सोमवारी करतो.
येणे, दादाकडून: काही नाही.
देणे, माझ्याकडून: ही ओळ तीनदा लिहायला घेतली. आकडा बसत नाही. बाबा म्हणाले, मोकळी सोड. सोडली आहे.